बेरीज चांगली, तरी गटातली बाई का गेली?

ऐकता ऐकता एक ताट घ्या, त्यात थोडं पीठ पसरा. ज्वारीचे आणि तुरीचे चार-चार दाणे जवळ ठेवा.

मागच्या वर्षी कळंब तालुक्यातल्या आमच्या एका गटातून एक ताई निघून गेली. बचत वेळेवर, परतफेड वेळेवर, दप्तर चोख. मग बिघडलं कुठं? उत्तर सापडलं माझ्या भाचीच्या वहीत. ती गणितात एम.एस्सी. करते. विषयाचं नाव 'साइन्ड एज डॉमिनेशन'. बाओगेन शू या चिनी गणितज्ञांनी २००१ साली तो मांडला. नाव अवघड, पण हिशोब आपलाच आहे.

पिठात गोलाकार सहा ठिपके काढा. या सहा जणी. शेजारचे ठिपके जोडा, सहा रेघा होतील. ही नाती. नातं धड असेल तर रेघेवर ज्वारी, म्हणजे अधिक एक. अबोला असेल तर तूर, म्हणजे उणे एक. नियम एकच. कुठलीही रेघ घ्या, तिच्या टोकांना लागलेल्या रेघा तिच्यासकट मोजा. बेरीज निदान एक यायलाच हवी.

दोन तुरी समोरासमोरच्या रेघांवर ठेवा, बाकी ज्वारी. कुठंही मोजा, एक येते. आता त्याच दोन तुरी शेजारी-शेजारी ठेवा. तिथं बेरीज उणे एक! आणि अख्ख्या ताटाची बेरीज? दोन्ही वेळा दोनच. आमचं दप्तर असंच फक्त अख्खं ताट मोजत होतं.

आता रिंगणाची एक रेघ पुसा. सरळ ओळ झाली. टोकाच्या रेघेला एकच शेजारीण उरली. त्या दोघींतल्या एकीवर जरी तूर आली, तरी बेरीज शून्य.

आमची ताई अशीच टोकाला होती. गटात तिची ओळख फक्त जावेशी. जावेचं दुसऱ्या बाईशी शेळीच्या कर्जावरून वाजलं, आणि ताई कुणाशीही न भांडता बाहेर पडली. मी भांडण मिटवत बसले, तिच्याकडं माझं लक्षच गेलं नाही.

पुसलेली रेघ परत काढा. टोकाच्या रेघेला दुसरी शेजारीण मिळाली. आता एक तूर आली तरी बेरीज एक उरते.

माणसं काही दाणे नव्हेत, आणि गणितानं अबोला सुटत नाही. पण बघायचं कुठं, ते कळतं. पुढच्या बैठकीत दप्तर मिटलं की एवढं विचारा: आपल्यात एकीच्याच ओळखीवर कोण बसलीय? बँकेत जाताना तिला दुसऱ्या एखादीसोबत पाठवा. एक रेघ वाढेल.