गुंगेरियाचे तांबे

(मलाजखंड येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेले व्याख्यान, संक्षिप्त स्वरूपात)



परदेशातील संग्रहालयांचा विषय निघाला की आपल्या ओठी कोहिनूर येतो, भवानी तलवार येते. आज मी ज्या वस्तूंविषयी बोलणार आहे, त्यांना तसे तेज नाही. त्या तांब्याच्या आहेत, काळवंडलेल्या आहेत. परंतु त्या आपल्याच बालाघाट जिल्ह्यातल्या आहेत.

१८७० साली या जिल्ह्यातील गुंगेरिया या खेड्याजवळ जमिनीत एक मोठा निधी सापडला. त्यात तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे होते. तांब्याचे वजनच सुमारे पावणेचारशे किलो भरले. सपाट कुऱ्हाडी, लांबट पहारीसारखी हत्यारे, चांदीच्या गोल चकत्या आणि बैलाच्या मस्तकाच्या आकाराचे पत्रे असा हा ऐवज होता. विद्वान त्याचा काळ ख्रिस्तपूर्व २००० ते १००० असा मानतात. भारतात असे ताम्रनिधी अनेक ठिकाणी मिळाले आहेत. परंतु तांब्यासोबत चांदी मिळाल्यामुळे गुंगेरियाला त्यांत आगळे स्थान आहे.

या निधीतील काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काही वर्षांपूर्वी त्या पाहण्याचा योग आला. काचेपलीकडे कुऱ्हाडी ओळीने मांडलेल्या. शेजारी चार ओळींची पाटी. पाटीवर गावाचे नाव आणि काळ होता. तेवढे वाचून प्रेक्षक पुढे सरकत होते. त्यांचा दोष नाही. वैनगंगेचे खोरे, गोंड-बैगांचे रान, तांब्याचा डोंगर यांपैकी काहीच त्या पाटीत मावत नाही.

मलाजखंडच्या माणसाला मात्र त्या कुऱ्हाडी निराळ्या दिसतील. येथील खाण १९८२ साली राष्ट्राला अर्पण झाली. शंभर किलो दगड फोडावा तेव्हा त्यात साधारण किलोभर तांबे असते, हे आपण रोज पाहतो. तांबे वितळण्यास १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. यंत्रे नसताना, केवळ कोळसा आणि भाता यांच्या बळावर ज्यांनी हे साधले, ते कारागीर रानटी नव्हते. हे तांबे आपल्याच डोंगरातले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण जवळीक म्हणजे पुरावा नव्हे. अभ्यासकाने तेवढा संयम पाळलाच पाहिजे.

मग या वस्तू कोणाच्या? परदेशी गेलेली प्रत्येक वस्तू एकाच वाटेने गेलेली नसते. काही लुटीतून गेल्या, काही विक्रीतून, काही देणगी म्हणून. त्यांच्या परतीच्या वाटाही वेगवेगळ्या. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे २०२४ साली साताऱ्यास आली, ती तीन वर्षांच्या मुदतीवर. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावात विकत घेतली. गुंगेरियाचा निधी लढाईत लुटला गेला नाही; राज्यकर्त्यांच्या हाती आला आणि वाटला गेला. गावाला कोणी विचारले नाही, हे मात्र खरे. म्हणून तो परत मागण्यात गैर काहीच नाही.

पण मागण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. बालाघाट तेव्हा मध्य प्रांतात होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. या निधीचा एक भाग आजही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, १८६३ साली स्थापन झालेल्या आपल्या अजब बंगल्यात आहे. लंडन दूर आहे, व्हिसा लागतो. नागपूरला तर आपण लग्नकार्याला आणि दवाखान्याला नेहमीच जातो. आपल्यापैकी कितीजणांनी वाट वाकडी करून तो पाहिला? ज्या वस्तूची आठवण घरात कोणी ठेवली नाही, ती परत आली तरी पुन्हा एका काचेमागेच जाईल.

येथेच ग्रंथालयाचे काम सुरू होते. वस्तू आणणे शासनाच्या हाती आहे; त्यांची ओळख जतन करणे आपल्या हाती आहे. शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेने एक कपाट आपल्या मुलखासाठी राखावे. त्यात जुनी गॅझेटिअरे असावीत, दोन्ही संग्रहालयांतील वस्तूंची छायाचित्रे असावीत, खाणकामगारांच्या तोंडून टिपलेल्या हकिकती असाव्यात, आणि हे सारे शाळकरी मुलाला समजेल अशा मराठीत असावे. लंडनच्या चार ओळींच्या पाटीला हे आपले उत्तर ठरेल.