कर्जखताच्या मागे पाहणारी विद्या

(माढा येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बारावीचा निकाल लागला की माढा तालुक्यातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नाहीतर पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षा. अशा वेळी एखादी मुलगी म्हणाली, "अर्थशास्त्र आणि कायदा असे दोन्ही शिकायचे आहे," तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. वकील व्हायचे तर थेट वकील हो, अर्थशास्त्राचा द्राविडी प्राणायाम कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भीमेच्या याच खोऱ्यात, दीड-दोनशे वर्षांच्या इतिहासात मिळते.

पेशवाई बुडाल्यानंतर दहा वर्षांच्या आत प्रिंगल नावाचा तरुण इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये शेतसाऱ्याची नवी आकारणी करू लागला. तो हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला. तेथे अर्थशास्त्राचे अध्यापक होते प्रसिद्ध माल्थस. रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त प्रमाण मानून त्याने जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ हा सरकारचा वाटा ठरविला. कागदावर हिशेब निर्दोष होता. परंतु गावाचा मिरासी हक्क, परंपरेने चालत आलेली सूट, अवर्षणाच्या वर्षी सांभाळून घेण्याची रीत, यांतले काहीच त्या समीकरणात बसत नव्हते. नदीपलीकडच्या इंदापूर तालुक्यात शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या, कित्येकांनी निजामाच्या मुलखाची वाट धरली. अखेर १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तेथे दर उतरवून नवी व्यवस्था आणली. लोकांचे हक्क न पाहता राबविलेल्या अर्थशास्त्राने काय होते, ते इंदापूरने पाहिले.

याच्या उलट दुसरा प्रकार. १८५५ साली कंपनी सरकारने व्याजाच्या दरावरील बंधने उठविली. १८५९ साली मुदतीचा कायदा आला आणि नोंदणी न झालेल्या साध्या कर्जखताला तीन वर्षांची मुदत मिळाली. हेतू चांगला होता : जुनाट दाव्यांतून ऋणकोची सुटका व्हावी. प्रत्यक्षात काय झाले, ते पाटीवर मांडून पाहावे. शंभर रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांत व्याज ७२. मुदत संपत आली की सावकार म्हणणार, पैसे दे, नाहीतर नवे खत लिहून दे. नवे खत १७२ रुपयांचे. पुढच्या तीन वर्षांनी ते होते सुमारे २९६ रुपयांचे, आणि नवव्या वर्षाच्या शेवटी सुमारे ५०९. शेतकऱ्याच्या हातात मुळात आले होते शंभरच!

आपल्याकडे याला लगाम नव्हता असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यकारभार, करव्यवस्था आणि न्यायव्यवहार एकाच ग्रंथात नांदतात. 'धर्मस्थीय' हे त्याचे तिसरे अधिकरण व्यवहाराच्या कायद्याचे आहे. तेथे शेकडा दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितले आहे. व्यापाऱ्याला पाच, अरण्यातून माल नेणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. म्हणजे जोखीम जितकी मोठी तितके व्याज अधिक, हे अर्थशास्त्रातील तत्त्व कायद्याच्याच कलमात गुंफलेले. धर्मशास्त्राने दिलेला दामदुपटीचा नियम तर मराठी शेतकऱ्याच्या तोंडी होता : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयेही हिंदूंच्या बाबतीत हा नियम मानीत. मग तो कामी का आला नाही? कारण दर तीन वर्षांनी नव्या खतात मागचे व्याज मुद्दल होऊन बसे. दामदुपट पाहायची ती नव्या मुद्दलावर! न्यायाधीशासमोर खत होते, सही होती, साक्षीदार होते. कायद्याच्या दृष्टीने सारे यथास्थित. खताच्या मागचा हिशेब विचारणे हे त्याचे कामच नव्हते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतर कापसाचे भाव चढले, कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, त्याच सुमारास फेरआकारणीत सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि दंग्यांचे लोण नगर जिल्ह्यातही पोहोचले. लोकांनी मागितली ती कर्जखते आणि वह्या. हाती लागलेली खते जाळली. या प्रकरणी केवळ सावकाराला शिव्या देऊन भागत नाही. साऱ्याचा हप्ता रोखीने आणि ठरल्या तारखेला मागणारे सरकार हेच शेतकऱ्याला सावकाराच्या दारात उभे करीत होते.

त्यावर १८७९ साली 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला. तो लागू झाला पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना, म्हणजे माढ्यालाही. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाण्याचा अधिकार दिला, किंबहुना ते त्याचे कर्तव्य ठरविले. पहिल्या देवघेवीपासून हिशेब काढावा, मुद्दल आणि व्याज वेगळे करावे, चक्रवाढ धरू नये, व्याज मुद्दलाच्या पलीकडे जाऊ देऊ नये, हप्ते बांधून द्यावेत. कर्जापायी शेतकऱ्याचा तुरुंगवासही त्याने बंद केला. जी दामदुपट खताच्या नूतनीकरणात हरवली होती, ती येथे पुन्हा हाती आली.

या कायद्याच्या अंमलबजावणीत ज्यांनी आपली उमेदीची वर्षे घातली, ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. निफाडला १८४२ साली जन्म, १८६२ साली बी. ए., १८६६ साली एलएल. बी. विद्यार्थिदशेपासून इतिहास, अर्थशास्त्र आणि कायदा हे त्यांचे सोबती. १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगाव माणसे पाठवून माहिती गोळा केली, त्या कामामागेही त्यांची दृष्टी होती. पुढे या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून ते जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडले; त्या फिरतीच्या दिवसांचे वर्णन रमाबाई रानडे यांच्या आठवणींत आहे. १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर त्यांनी जे व्याख्यान दिले, त्यातील मुख्य प्रतिपादन असे की पाश्चात्त्य अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना सरसकट लागू पडत नाहीत. प्रत्येक समाजाचा इतिहास आणि संस्था लक्षात घ्याव्या लागतात. नुसत्या ग्रंथवाचनाने एवढा आत्मविश्वास येत नाही. त्यामागे चावडीवर पाहिलेली शेकडो खते असली पाहिजेत.

तरी हेही सांगितले पाहिजे की कायदा पूर्ण यशस्वी झाला नाही. सावकार सावध झाले. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत करून घ्यावे आणि 'पैसे फेडलेस की जमीन परत' असा तोंडी करार ठेवावा, ही पळवाट निघाली. कर्ज मिळणेही कठीण झाले, कारण खत कमजोर झाले की ऋण आटते. रानडे आणि न्यायाधीश वेडरबर्न यांना याची जाणीव होती. म्हणून १८८० नंतरच्या काळात त्यांनी शेतकी बँकेची योजना पुढे केली. लंडनच्या भारतमंत्र्याने ती फेटाळली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा येण्यास १९०४ साल उजाडले.

रानड्यांची ही परंपरा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कितीतरी पुढे नेली. १९१६ साली लंडनला पोहोचल्यावर त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी नाव घातले. अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी, दोन्ही बरोबरीने. शिष्यवृत्ती संपल्याने परतावे लागले, तरी १९२० साली पुन्हा जाऊन दोन्ही पूर्ण केले. १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिणारा विद्वानच पुढे घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, आणि त्या घटनेत केंद्र-राज्यांच्या महसूलवाटपासाठी वित्त आयोगाची तरतूद आहे.

आता आजच्या विद्यार्थ्यांपुरते. बारावीनंतर पाच वर्षांचा बी. ए. एलएल. बी. अभ्यासक्रम आहे, त्यात अर्थशास्त्र हा विषय असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत अखिल भारतीय प्रवेश परीक्षेतून जाता येते. इतर महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी. दुसरा मार्ग जुना आणि कमी खर्चाचा : आधी अर्थशास्त्रात पदवी, मग तीन वर्षांची एलएल. बी. सोलापुरात दयानंद विधी महाविद्यालय आहे. पुण्यात १९२४ सालचे आय. एल. एस. आणि १९३० सालची गोखले अर्थशास्त्र संस्था एकमेकींपासून पायी जाता येईल इतक्या जवळ आहेत. ज्याचा गणिताशी अगदीच दावा आहे त्याने मात्र या वाटेला जाण्यापूर्वी विचार करावा. तेथे टक्केवारी चुकली की न्याय चुकतो.

काम कोठे आहे, असे पालक विचारतील. उजनीच्या पाण्यावर या तालुक्यात ऊस उभा राहिला. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत, न मिळाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज मिळावे. आपल्या थकलेल्या बिलावर हे व्याज किती झाले, हे मांडून मागणारे शेतकरी किती निघतील? मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले; त्या नावाचा दर शेतकऱ्याच्या पदरात पाडण्यासाठी करारही कळावा लागतो आणि बाजारही.

आणि ते जुने खरेदीखत अजून आहेच. महाराष्ट्राच्या २०१४ सालच्या सावकारी नियमन कायद्याने जिल्हा निबंधकाला चौकशीचा अधिकार दिला आहे : विक्री म्हणून नोंदलेला व्यवहार वस्तुतः सावकारीतला निघाला, तर ते खत अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला परत देता येते. मात्र तसे दाखवून द्यावे लागते. त्या वर्षी त्या शिवारात एकराचा भाव काय होता, खतात किती लिहिला, ताबा कोणाकडे राहिला, दर महिन्याला कोणती रक्कम कशापोटी गेली, हे कागद जमवून, मांडून, निबंधकासमोर उभे राहून सांगणारे कोणी तरी लागते. त्या मुलीला जे दोन्ही शिकायचे आहे, ते यासाठी.