राबणारे हात आमचे, नोंद कोणाची?

(नागांव येथें विद्यार्थी व पालक यांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आम्ही कांहीं विद्वान नाहीं. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यांत आरोग्य सेवक म्हणून लागलों आणि आरोग्य सहाय्यक होऊन सेवानिवृत्त झालों. हिंवतापाच्या रक्ताच्या कांचपट्ट्या गोळा करीत, विहिरींत औषध टाकीत, लशींचा डबा खांद्याला लावून या किनाऱ्याच्या वाड्यापाड्यांतून आम्हीं पायपीट केली. तेव्हां आज जें सांगणार, तें पुस्तकांतलें थोडें आणि पायांखालचें जास्त, असें समजून ऐकावें.

बारावीचा निकाल लागला कीं घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो: पोरानें पुढें काय करावें? नारळी-पोफळीची वाडी भावाभावांत वांटून गुंठ्यांवर आली. पर्यटक येतात, खोल्या भाड्यानें जातात, हें खरें. पण पावसाळ्यांत तो धंदा बसतो. शिवाय एका घरांत चार पोरें असलीं, तर चौघांनींही पाहुण्यांच्या चादरीच बदलीत बसावें काय? म्हणून आईबापांची नजर दवाखान्याकडे वळते. अलिबागेस जिल्हा रुग्णालय आहेच. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२१-२२ या वर्षापासून सुरू झालें. तेथें डॉक्टर लागतात, तसे डॉक्टरांच्या हाताखालीं काम करणारे शेंकडों जाणते हातही लागतात. आपली लेक पांढऱ्या कोटांत दिसावी असें आईस वाटलें, तर त्यांत गैर तें काय? पण नेमक्या याच वेळीं एस. टी. च्या थांब्यावर कागद चिकटतात: ‘सहा महिन्यांत मेडिकल असिस्टंट व्हा! नोकरीची हमी!’ आजचें आमचें बोलणें या कागदांविषयीं आहे.

आमच्या ओळखीच्या एका बागाईतदाराची हकीकत सांगतों. नांवगांव सांगत नाहीं, कारण घराची अब्रू आहे. या गृहस्थानें बायकोच्या पाटल्या गहाण टाकून मुलीस शहरांतल्या एका संस्थेंत घातलें. संस्था म्हणजे दुकानांच्या माळ्यावरच्या दोन खोल्या, एक प्लास्टरचा सांगाडा आणि रक्तदाब मोजण्याचें एक यंत्र. जोडलेलें रुग्णालय नाहीं, खाट नाहीं, रोगी नाहीं. वर्षअखेर सोनेरी किनारीचें प्रमाणपत्र मिळालें. मुलगी कष्टाळू. एका खाजगी दवाखान्यांत लागली. आधीं झाडलोट, मग मलमपट्टी, मग हळूहळू सुई टोचणें. डॉक्टरांनीं चिठ्ठी लिहावी आणि हिनें सुई द्यावी, असा परिपाठच पडला.

एके दिवशीं संध्याकाळीं डॉक्टर बाहेर गेले असतां तिनें चिठ्ठीप्रमाणें एका कोळी बांधवास सुई दिली. दोन मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओंठ सुजले, श्वास कोंडूं लागला. अशा वेळीं ॲड्रेनॅलिनची सुई मांडीच्या स्नायूंत ताबडतोब द्यावी लागते. तें औषध समोरच्या फळीवर होतें. पण हें काय झालें आणि यावर काय करावें, हें तिला कोणीं शिकविलेंच नव्हतें! दैव बलवत्तर म्हणून डॉक्टर त्याच क्षणीं परतले आणि माणूस वांचला. दुसरे दिवशीं मुलीस काढून टाकलें. ‘तुला सुईला हात लावायला कोणीं सांगितलें?’ असें ज्यांनीं विचारलें, त्यांनींच वर्षभर तिच्याकडून तें काम करून घेतलें होतें. पुढें ती नोंदणी करावयास गेली, तों उत्तर मिळालें कीं ही संस्था आमच्या दप्तरीं नाहीं. पाटल्या गेल्या, वर्ष गेलें, नोकरीही गेली.

आतां आम्ही विचारतों, दोष कोणाचा? मुलीचा तर नव्हेच. बापाचाही म्हणवत नाहीं; त्याला कोणीं सांगितलेंच नव्हतें कीं काय विचारावयाचें असतें.

आपल्याच अलिबाग तालुक्यांतील चरीचा संप आपल्या आज्यापणज्यांनीं पाहिला. १९३३ ते १९३९ अशीं सहा वर्षें नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं जमीन ओस ठेवली, हालअपेष्टा सोसल्या, पण खोतापुढें मान वांकविली नाहीं. कसणारा एक आणि धनी म्हणवणारा दुसरा, हें त्यांस मान्य नव्हतें. सातबाऱ्यावरच्या नोंदीची किंमत आपल्या समाजाला कोणीं निराळी शिकवावयास नको. मग दवाखान्यांत तोच प्रकार चालतो, तो आपल्याला कां दिसूं नये? सुई आमच्या मुलीनें टोचावी, रात्र आमच्या मुलानें जागवावी, आणि नोंदवहींत त्यांचें नांवही नसावें! परिषदेच्या नोंदवहींतलें नांव हाच शिकलेल्या हातांचा सातबारा होय. तो नसेल, तर तुम्ही कितीही राबा, तुम्ही कूळच राहणार. आणि कांहीं बिघडलें तर फास मात्र तुमच्या गळ्यांत.

कोणी म्हणेल, हें वैद्यकाचें काम आपल्या लोकांना जमणारें नव्हे. हा भ्रम टाकून द्या. गवळी समाजांतले डॉक्टर विश्राम रामजी घोले पुण्यांत नांवाजलेले शस्त्रवैद्य झाले आणि त्यांनीं जोतीरावांच्या खांद्याला खांदा लावून सत्यशोधक समाजाचें काम केलें. १८७८ सालीं पुण्यास बैरामजी जीजीभाई वैद्यक शाळा निघाली, ती हॉस्पिटल असिस्टंट तयार करण्यासाठींच. तिचें कॉलेज झालें तें पुढें १९४६ सालीं. आणि १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई काय करीत होत्या? डॉक्टर त्यांचा मुलगा यशवंत. त्या स्वतः रोग्यांना उचलून त्याच्या दवाखान्यांत आणीत, त्यांची शुश्रूषा करीत. त्यांतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेवला. डॉक्टरांच्या हाताखालचें काम हलकें असें ज्याला वाटतें, त्यानें सावित्रीबाईंचे ते दिवस आठवावे.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेड येथें डॉक्टर रजनीकांत व डॉक्टर मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं काम सुरू केलें. त्यांनीं खेड्यांतल्या बायका निवडल्या; पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित. त्यांना बाळंतपण, पोषण, जुलाब, क्षय यांचें शिक्षण दिलें. गडचिरोलींत डॉक्टर अभय व डॉक्टर राणी बंग यांनीं गांवच्याच थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजावयास आणि जंतुबाधा ओळखून सुई द्यावयास शिकविलें. तेथें बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनीं घटले, असें १९९९ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय पत्रांत छापून आलें. सुई त्यांनींही दिली आणि त्या बागाईतदाराच्या मुलीनेंही दिली. मग फरक कोठें पडला? या बायकांना कधीं द्यावी, किती द्यावी आणि बिघडलें तर काय करावें, हें पुन्हां पुन्हां शिकविलें होतें आणि वर देखरेख होती. फरक जन्माचा नव्हे, शाळाबुकांचाही नव्हे. फरक शिक्षणाच्या सचोटीचा.

आतां व्यवहाराचें बोलूं. बारावी झालेल्या मुलींसाठीं, मग त्या कला शाखेच्या कां असेनात, सहाय्यक परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम, हा दोन वर्षांचा अभ्यास आहे. उपकेंद्राचा कारभार याच परिचारिका पाहतात. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागांत ३,००० लोकांमागें एक उपकेंद्र असावें, असा सरकारी दंडक आहे. जीएनएम हा तीन वर्षांचा अभ्यास मुलग्यांनाही खुला आहे. रक्तलघवी तपासण्याची प्रयोगशाळा, क्षकिरण, शस्त्रक्रियागृह यांचेही निरनिराळे अभ्यास आहेत. विज्ञान शाखेच्या मुलांना फिजिशियन असिस्टंटची पदवी घेतां येते. हिंदुस्थानांत तें शिक्षण १९९२ सालीं मद्रास मेडिकल मिशननें सुरू केलें. ज्यांची ऐपत वा उसंत थोडी, त्यांच्यासाठीं रुग्णसेवकाचें, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंटचें, कांहीं महिन्यांचें शिक्षण आहे. रोग्यास उठविणें, न्हाऊं घालणें, भरविणें, नाडी व ताप मोजणें हें तें काम. तें प्रामाणिक आहे, गरजेचें आहे; पण तेवढ्यानें कोणी परिचारिका होत नाहीं, आणि होतें असें जो सांगेल तो फसवितो.

सहा महिन्यांच्या ‘डिप्लोम्या’चा हिशेब तर येथेंच मांडूं. सहयोगी आरोग्य व्यवसायांविषयीं २०२१ सालीं संसदेनें राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. प्रयोगशाळा, शस्त्रक्रियागृह वगैरे त्याखालीं येणाऱ्या कामांच्या पदविकेस निदान २,००० तासांचें शिक्षण, आणि तेंही दोन ते चार वर्षांत पसरलेलें, असावें असें त्यांत म्हटलें आहे. रोज सहा तास, आठवड्यांतून सहा दिवस, म्हणजे ३६ तास. सहा महिन्यांचे २६ आठवडे. गुणाकार करा: ९३६ तास. एकही सुटी न घेतां निम्मेसुद्धां होत नाहींत! जो हिशेब चौथीच्या पोराला येतो, त्यासाठीं पाटल्या कां गहाण टाकाव्या?

म्हणून पैसा हातांतून सोडण्यापूर्वीं चार प्रश्न विचारा. एक, उत्तीर्ण झाल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेंत होणार? परिचर्येसाठीं महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे, इतर कित्येक कामांसाठीं राज्याची निराळी परिषद आहे. या संस्थेचें नांव त्यांच्या यादींत आहे काय, हें संस्थेला न विचारतां परिषदेकडेच विचारा. दोन, शिकावयास रुग्णालय कोणतें आणि खाटा किती? रोग्याशिवाय परिचर्या शिकणें म्हणजे पाण्याशिवाय पोहणें शिकणें. तीन, प्रत्येक रुपयाची छापील पावती मिळते काय? चार, मुलाचे मूळ दाखले संस्था अडकवून ठेवते काय? पहिल्या प्रश्नालाच जो चिडेल, त्याच्या दारांतून चपला घालून सरळ घरीं या.

विद्यार्थ्यांनो, इंग्रजी नांवांना भिऊं नका. सुपारीचे, मासळीचे, वाऱ्यांचे जितके प्रकार तुम्हांला तोंडपाठ आहेत, तितकीं हाडें माणसाच्या अंगांत खास नाहींत. तीं २०६ आहेत, रोज चार पाठ केलीं तर दोन महिन्यांत संपतील. आणि वडील मंडळींनो, मुलीच्या रात्रपाळीचा बाऊ करूं नका. आपल्या घरांत अपरात्रीं बाळंतपण अडतें, तेव्हां रात्रपाळीची परिचारिका जागी असावी असेंच आपल्याला वाटतें ना? मग ती कोणाची तरी लेक असणारच.

शेवटीं एकच मागणें आहे. तुमच्यांतला कोणी शिकून नोंदला गेला आणि एखादी कातकरी बाई तापानें फणफणलेलें पोर घेऊन त्याच्या दारीं आली, तर तिला बाहेर पायरीवर बसवूं नये. बाकावर बसवावी आणि आधीं पोराला हात लावून पाहावें. आम्हीं आमच्या नोकरींत त्या पायऱ्या पुष्कळ पाहिल्या. त्या तुमच्या हातून मोडल्या, तर तुमच्या नोंदीचें खरें चीज झालें असें आम्ही समजूं.

सभा संपल्यावर आम्ही येथेंच ओट्यावर बसणार आहोंत. ज्यांच्यापाशीं एखाद्या संस्थेचा कागद असेल, त्यांनीं तो घेऊन यावा. आपण मिळून वाचूं.