थंड हवेच्या यंत्रातील बुरशी आणि कुटुंबाचे आरोग्य



पावसाळ्यात चपलांवर, चामड्याच्या पट्ट्यांवर आणि जुन्या पुस्तकांवर चढणारी बुरशी आपण सर्वांनी पाहिली आहे. आपल्या गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कपाटातील बुरशी डोळ्यांना दिसते, म्हणून आपण ती पुसून टाकतो. वातानुकूलन यंत्रातील बुरशी मात्र दृष्टीआड राहते आणि श्वासावाटे छातीत उतरते. आज तिच्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

एकेकाळी कचेऱ्यांत व हॉटेलांत आढळणारे हे यंत्र आता खेड्यांतील निजण्याच्या खोल्यांतही आले आहे. खोलीतील दमट हवा यंत्राच्या थंड नळ्यांवरून गेली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, ते खालच्या तबकात उतरते व नळीवाटे बाहेर जाते. जाळीतून निसटलेली धूळ या ओल्या नळ्यांवर बसते. ओल आणि धूळ एकत्र आली की बुरशीला आणखी काय हवे? मे महिन्याअखेर ओले असतानाच बंद केलेले यंत्र ऑक्टोबरच्या उकाड्यात सुरू केले, की पावसाळाभर वाढलेल्या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू खोलीभर पसरतात.

त्यांच्यामुळे शिंका येतात, नाक चोंदते आणि दमा बळावतो. मुले, वृद्ध व दमेकरी यांना हा त्रास अधिक होतो. काहींच्या फुफ्फुसांनाच सूज येते. रात्रभर त्या हवेत निजल्यावर सकाळी ताप, कोरडा खोकला व धाप जाणवते. घरची मंडळी त्यास साधे पडसे समजून खोकल्याची औषधे देत राहतात. असा विकार वर्षानुवर्षे चालू राहिल्यास फुफ्फुसांवर कायमचे व्रण पडतात. ते मग कोणत्याही औषधाने पुसले जात नाहीत. भारतातील १९ शहरांतील १,०८४ फुफ्फुसरोग्यांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४७ टक्के रुग्णांना याच जातीचा विकार होता आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांचा संबंध पाण्याच्या कूलरशी आला होता. यंत्र निराळे असले, तरी दोहोंत धोका साचलेल्या ओलीचाच आहे.

ओळखण्याची एक खूण ध्यानी ठेवावी. परगावी गेल्यावर खोकला थांबतो आणि घरी परतताच पुन्हा सुरू होतो, असे घडत असेल तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. मात्र प्रत्येक खोकल्याचा दोष यंत्राला देऊ नये व चालू असलेले औषध आपल्या मनाने बंद करू नये.

उपाय सोपे आहेत. यंत्राची जाळी दर पंधरवड्यास धुवावी व पूर्ण वाळल्यावरच बसवावी. पाणी वाहून नेणारी नळी तुंबू देऊ नये. हंगामाच्या आरंभी नळ्या व तबक जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावे. बंद करण्यापूर्वी यंत्राचा नुसता पंखा काही वेळ चालवावा, म्हणजे आतील ओल सुकते. कुबट वास आल्यास अत्तर फवारू नये. त्याने वास झाकतो, बुरशी जात नाही. खिडक्याही रोज थोडा वेळ उघडाव्यात.

शिक्षकांनी शाळेतील संगणक कक्षात व अधिकाऱ्यांनी आपल्या कचेरीत याचा आरंभ करावा. जे तेथे दिसेल, तेच घरोघरी पोहोचेल. गारवा सर्वांना हवाच. पण तो स्वच्छ असावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.