यंत्र कोणतें आणि आज्ञा कोणती?



संगणक नाहीं असें घर आतां शहरांत विरळाच. टेबलावर नसला तर तो खिशांत असतो; कारण ज्याला आपण फोन म्हणतों तोहि संगणकच होय. आठनऊ वर्षांचीं मुलें त्याच्यावर अशा सफाईनें बोटें चालवितात कीं, आमच्या मुलाला संगणक येतो, असें आईबाप कौतुकानें सांगतात. मला हें मत मान्य नाहीं. आगगाडींत बसतां येणें निराळें आणि इंजिन कशानें चालतें हें ठाऊक असणें निराळें. शिवाय हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नव्हे. तो पदरास खार लावणारा आहे. संगणक अडला असतां तो यंत्रामुळें अडला कीं आज्ञांमुळें अडला हें ज्या घरांत कोणालाच सांगतां येत नाहीं, त्या घरांत धडधाकट यंत्र मोडींत निघतें आणि नवें विकत येतें.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर हे शब्द मुलांच्या कानांवरून गेलेले असतात. हातानें चाचपतां येतें तें पहिलें आणि येत नाहीं तें दुसरें, अशी व्याख्या पाठ करवून मास्तर पुढल्या धड्याकडे वळतात. व्याख्या चूक नाहीं, पण तेवढ्यानें भागत नाहीं. आपल्या बाजाच्या पेटीचें उदाहरण घ्या. भाता, पट्ट्या, आंतले पितळी सूर, हें झालें हार्डवेअर. तिच्यावर वाजणारें पद हें सॉफ्टवेअर. सकाळीं त्याच पेटीवर अभंग वाजतो, रात्रीं नाट्यपद वाजतें. पेटी बदलावी लागत नाहीं. मात्र एका जागीं हा दृष्टान्त अपुरा पडतो. पेटीला वाजविणारा लागतो. संगणकांत पद पेटीच्याच पोटांत लिहून ठेवलेलें असतें आणि पेटी तें स्वतः वाचून वाजविते.

ही युक्ति साधावयास बराच खटाटोप करावा लागला. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें १९४६ सालीं एनिॲक नांवाचें प्रचंड गणकयंत्र लोकांपुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या. परंतु नवें गणित घालावयाचें म्हणजे तारा एका जागेवरून उपटून दुसऱ्या जागीं खोंचावयाच्या आणि खटक्यांमागून खटके फिरवावयाचे; यांत दिवसचे दिवस जात. म्हणजे प्रत्येक नव्या पदासाठीं पेटी पुन्हां जुळवावयाची! यावर तोड मँचेस्टर विद्यापीठांतील एका लहानशा प्रायोगिक यंत्रांत दिसली. त्याच्या स्मरणांत ३२ ओळी होत्या व प्रत्येक ओळींत ३२ खुणांपुरती जागा. आणि आंकडे व आज्ञा हीं दोन्ही त्या एकाच स्मरणांत लिहिलेलीं. २१ जून १९४८ रोजीं टॉम किलबर्न यांनीं रचलेली १७ आज्ञांची मालिका त्या यंत्रानें आपली आपण वाचली व शेवटास नेली.

मुलांनो, त्या दिवशींचा प्रश्न तुम्हांलाहि सुटण्याजोगा आहे. २,६२,१४४ या संख्येला निःशेष भाग जातो अशा, तिच्याहून लहान संख्यांपैकीं सर्वांत मोठी कोणती? संख्या सम आहे हें पाहतांच तुम्ही ती निमपट करून १,३१,०७२ असें सांगाल. त्या यंत्राला ५२ मिनिटें लागलीं! त्याला सांगितलें होतें तें असें : २,६२,१४३ घे, भाग जातो का पाहा, न गेल्यास २,६२,१४२ घे, आणि असेंच एकेक उतरत ये. त्याला भागाकारहि येत नव्हता. वजाबाकी तेवढी येत होती, तेव्हां प्रत्येक भागाकार पुनःपुन्हां वजाबाकी करूनच. अर्थात् किलबर्न यांना सोपी रीत सुचली नाहीं असें कोणी समजूं नये. यंत्र न अडखळतां दीर्घकाळ चालतें कीं नाहीं हें पाहावयाचें असल्यानें लांबची वाट मुद्दामच धरली होती. पण विचार करा, आरंभींचा एक आंकडा बदलून 'निमपट संख्येपासून सुरुवात कर' एवढेंच त्याच्या स्मरणांत लिहिलें असतें, तर एकहि तार न हालवितां पहिल्याच खेपेस उत्तर हातीं आलें असतें. यंत्र तेंच, नळ्या त्याच, वेग तोच. 'संगणकाला कळलें', 'संगणक म्हणतो' असें आपण सहज बोलून जातों. परंतु त्या ५२ मिनिटांत यंत्राला कांहीं कळलें नव्हतें आणि त्याचें कांहीं चुकलेंहि नव्हतें.

आतां घरच्या संगणकाकडे वळूं. टेबलाखालच्या सबंध पेटाऱ्यालाच 'सीपीयू' म्हणण्याची रीत आपल्या शाळांतून पडली आहे. ती सोडलेली बरी. आज्ञा वाचून पाळणारा खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ही त्या पेटाऱ्यांत बसविलेली तळहातांत सहज मावणारी एक चकती असते. तिच्या शेजारीं दोन प्रकारचीं स्मरणें असतात, आणि त्यांतील भेद मुलांनीं नीट ध्यानांत ठेवावा. रॅम ही पाटी आहे : लिहावयास जलद, पण वीज गेली कीं कोरी. डिस्क ही वही आहे : जरा सावकाश, परंतु वीज जावो कीं राहो, लिहिलेलें तसेंच राहतें. तासभर खपून लिहिलेला निबंध दिवे जातांच नाहींसा होतो, तेव्हां तो पाटीवरच राहिलेला असतो. 'सेव्ह' करणें म्हणजे पाटीवरचें वहींत उतरून घेणें. फोनमधल्या पुष्कळ आज्ञावल्या हें काम न सांगतां करतात. त्यामुळें त्यांच्यावर वाढलेल्या मुलांना टेबलावरचा संगणक दगाबाज वाटतो. वास्तविक त्यानें कांहीं दगा केलेला नसतो.

कळफलकावर आपण 'कि' हें अक्षर लिहितों तेव्हां काय घडतें पाहा. कळ दाबली जाणें आणि तिची खूण आंत पोंचणें हें यंत्राचें काम. येथून पुढें सगळा कारभार आज्ञांचा. क या अक्षराचा जगन्मान्य क्रमांक २३२५ आणि ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. स्मरणांत आधीं क जातो, मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतों त्याच क्रमानें. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधीं दिसावयास हवी. ती उचलून पुढें नेऊन बसविण्याचें काम सॉफ्टवेअर करतें, आणि त्या वेलांटीचें वळण फाँटमधून येतें.

एवढें कळलें कीं रोगाचें निदान घरींच होऊं लागतें. एखादी कळ कोणत्याच कामांत उमटत नसेल आणि दुसरा कळफलक जोडतांच तें अक्षर उमटूं लागलें, तर दोष कळींत. सगळ्या कळा उमटतात, पण अक्षरांच्या जागीं रिकामे चौकोन दिसतात, किंवा जुना मराठी मजकूर उघडतांच रोमन अक्षरांची खिचडी दिसते, तर दोष फाँटचा. यंत्राला हात लावण्याचें कारण नाहीं. यंत्र तापून आपोआप बंद पडत असेल, तर आधीं आंतला पंखा आणि धूळ पाहावी. सुरू होतांच तें रेंगाळत असेल, तर चालू होतांना किती आज्ञावल्या एकदम उठतात आणि डिस्कवर मोकळी जागा किती उरली आहे हें पाहावें.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या आज्ञासंचाची नेहमींची विनामूल्य निगा थांबविली. पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाहीं, म्हणून चांगलीं चालतीं यंत्रें अडगळींत जाण्याची वेळ आली. त्यांचा प्रोसेसर झिजलेला नव्हता, पडदा फुटलेला नव्हता. संपली होती ती आज्ञांची निगा. अशा यंत्रावर लिनक्ससारखा मोफत मिळणारा आज्ञासंच घालून शाळेचें लेखन-वाचन उत्तम होतें. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसविल्यास वेगहि पुष्कळ वाढतो, आणि त्याला नव्या संगणकाच्या किंमतीच्या मानानें थोडकाच खर्च येतो. दुकानदार हें आपण होऊन सांगेल अशी अपेक्षा मी तरी करीत नाहीं.

स्मरणाचा विषय निघाला आहे, तेव्हां मुंबईंतल्या एका यंत्राची गोष्ट सांगतों. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं येथल्याच मंडळींनीं बांधलेला संगणक १९६० सालीं कामास लागला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याला टिफ्रॅक असें नांव दिलें. त्याचा सांगाडा १८ फूट लांब व ८ फूट उंच होता आणि त्यांत २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मरणांत २,०४८ घरें व प्रत्येक घरांत ४० बिटें. बिट म्हणजे 'होय' किंवा 'नाहीं' यांपैकीं एक खूण. मुलांनो, गुणाकार करा : ८१,९२० खुणा. आजच्या प्रचलित पद्धतींत देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला २४ बिटें लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार यांचीहि गणती निरनिराळी होते. या हिशोबानें त्या १८ फुटी यंत्राच्या स्मरणांत ३,४१३ चिन्हें मावलीं असतीं, आणि तीहि आज्ञांसाठीं एकहि घर न राखतां. हें भाषण त्यांत भरावयास घेतलें असतें, तर सुमारें निम्म्यावरच थांबावें लागलें असतें.