हृदयविकारानंतरचा संसार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने होतात. आम्ही ना विद्वान, ना वैद्य. आजच्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, वयाच्या ५१ व्या वर्षी आम्हांस हृदयविकाराचा झटका आला आणि त्यास आज नऊ वर्षे लोटली. वैद्यकाच्या बाबतीत जे सर्वमान्य आहे तेवढेच आम्ही सांगू. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानावा. आमचे मुख्य सांगणे निराळे आहे. झटक्यातून प्राण वाचविणे हे रुग्णालयाचे काम. परंतु वाचलेल्या माणसास पुढे धडधाकट ठेवणे हे त्याच्या घराचे आणि काही अंशी आपल्या ज्ञातीचे काम आहे.

हा रोग म्हातारपणाचा, अशी आपली जुनी समजूत. ती आता सोडली पाहिजे. डॉ. सलीम यूसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत मोठे संशोधन झाले. ते २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील माहितीवरून असे दिसले की, आपल्या दक्षिण आशियातील लोकांस पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर अन्य देशांत सुमारे ५९ व्या वर्षी. म्हणजे मुलांची शिक्षणे चालू आहेत, घराचे हप्ते फिटावयाचे आहेत, अशा ऐन मध्यान्ही हे संकट दारात उभे राहते. विद्या आणि कीर्ती यांचीही तेथे मात्रा चालत नाही. मुंबईचे सुविख्यात हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके यांनी आयुष्यभर इतरांची हृदये दुरुस्त केली. २२ मे २००३ रोजी, अवघ्या ५५ व्या वर्षी, हृदयविकारानेच त्यांचे निधन झाले.

त्याच संशोधनाने कारणेही दाखविली: तंबाखू, रक्तातील दूषित चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरील ताण, फळे व भाज्यांचा अभाव आणि व्यायामाचा अभाव. ही यादी वाचताना ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील आपला दिनक्रम डोळ्यांपुढे येत नाही काय? पहाटे उठून डबा उचलावयाचा, धावत गाडी गाठावयाची, ठाण्याहून सुमारे ३४ आणि कल्याणहून सुमारे ५३ किलोमीटर मुंबईस उभ्याने जावयाचे, दिवसभर खुर्चीत बसावयाचे आणि रात्री दहा वाजता भरपेट जेवून निजावयाचे! धावपळ पुष्कळ होते, तिला व्यायाम म्हणता येत नाही. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांस हा रोग कमी होतो, असे त्यांना आढळले. एकच गाडी, एकच धूर, एकच गर्दी. भेद केवळ पायांच्या हालचालीचा.

झटका येतो म्हणजे काय होते, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे. हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकते आणि त्यापुढील स्नायू मरू लागतो. जितका वेळ जाईल तितका स्नायू अधिक मरतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. यास्तव छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, थंड घाम, धाप, मळमळ अशी लक्षणे दिसताच सोडा-लिंबू, ओवा, चोळणे यांत अर्धा तासही घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि जेथे हृदयाचा आलेख काढण्याची व रोहिणी मोकळी करण्याची सोय आहे तेथे रुग्णास न्यावे. रात्री अडीच वाजता कोठे जावयाचे हे त्याच वेळी ठरविण्यापेक्षा आजच ठरवून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

आता झटक्यानंतरच्या संसाराकडे वळू. एके काळी अशा रुग्णास चार-सहा आठवडे अंथरुणात निश्चल ठेवीत. १९५२ साली अमेरिकेत डॉ. लेव्हाइन व डॉ. लाउन यांनी रुग्णास लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला आणि हळूहळू मत पालटले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये झटका आला. पुढील वर्षी त्यांनी निवडणूक लढविली, जिंकली आणि दुसरी कारकीर्द पुरी केली. तथापि आपल्या घरांतून अद्याप जुनाच ग्रह आहे. माणूस घरी आला की त्याच्या हातचा पाण्याचा पेलाही काढून घेतात, चार पावले टाकली की "अहो, बसा!" म्हणून ओरडतात. प्रेमापोटीच हे होते, पण त्याने माणूस खचतो. आपण आता निरुपयोगी झालो, ही भावना त्याच्या मनात घर करते.

याउलट काय घडू शकते त्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीच्या आदिवासी भागात आरोग्यसेवा करणारे डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. स्वतः निष्णात डॉक्टर असूनही केवळ औषधोपचारावर न थांबता त्यांनी आहार, व्यायाम, योग व ध्यान यांच्या द्वारा आपले जीवनच पुन्हा तपासले, आणि तो प्रवास 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात लिहून ठेवला. या पुस्तकाने मराठी घरांत या विषयावर मोकळेपणाने बोलणे सुरू केले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याहूनही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढची. नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेऊन बालमृत्यू कसे घटविता येतात, हे त्यांचे जगन्मान्य संशोधन 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९९९ साली, म्हणजे झटक्यानंतर, प्रसिद्ध झाले. पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह २००३ साली महाराष्ट्र भूषण आणि २०१८ साली पद्मश्री हे सन्मान त्यांना मिळाले, तेही नंतरच. झटक्याबरोबर कर्तृत्व संपते असे मानणाऱ्यांस यापेक्षा निराळे उत्तर ते कोणते द्यावे?

आमच्यासारख्या सामान्य गृहस्थाने काय करावे, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट औषधांची. बरे वाटू लागले की गोळ्या बंद करण्याकडे मनाची ओढ असते. परंतु बरे वाटते ते गोळ्यांमुळेच. रोहिणीत जाळी बसविली असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांस विचारल्यावाचून एक दिवसही चुकवू नये. आणि तंबाखू, मग ती विडीतली असो वा मिश्रीतली, कायमची सुटली पाहिजे. झटक्यानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांच्या मृत्यूचे प्रमाण, न सोडणाऱ्यांच्या मानाने, सुमारे एक तृतीयांशाने घटते. एवढे फळ देणारी दुसरी फुकटची उपाययोजना आम्हांस ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट चालण्याची. डॉक्टरांनी अनुज्ञा दिल्यावर प्रथम घरातल्या घरात, मग गल्लीपर्यंत, असे वाढवीत आठवड्यास १५० मिनिटांपर्यंत जावे. चालताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग अधिक झाला असे समजावे. ठाणेकरांस मासुंदा तलाव आणि उपवन, कल्याणकरांस काळा तलाव, डोंबिवलीकरांस भागशाळा मैदान हाताशी आहे. कामावर परतण्याची घाई मात्र करू नये. गर्दीच्या गाडीची परीक्षा कठीण असते. स्थानकाचा पूल न दमता चढता येऊ लागल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने आणि शक्य तर वेळ बदलून घेऊन, जावयास लागावे.

तिसरी गोष्ट मनाची. झटक्यानंतर साधारण पाचांतील एकास खोल उदासीनता येते. चिडचिड, निद्रानाश, उगाच येणारे रडू यांस स्वभावदोष समजू नये. ते आजाराचेच अंग आहे आणि त्यावर उपचार आहेत. ध्यान व योग यांचाही उपयोग होतो. भारतातील २४ रुग्णालयांत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. योगाने पुढील झटके टळतात असे त्यातून सिद्ध झाले नाही. परंतु योग करणाऱ्यांस अधिक बरे वाटले आणि ते आपल्या पूर्वीच्या व्यवहारांत अधिक चांगल्या रीतीने परतले. म्हणून योग करावा, पण औषधाच्या जोडीला.

चौथी गोष्ट आहाराची, आणि येथे आपल्या ज्ञातीशी आमची गाठ आहे! सोड्यांची खिचडी, तळलेल्या तुकड्या, खिम्याचे पॅटिस, तेलपोळ्या आणि खाजाचे कानवले यांचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु वालाचे बिरडे हेही आपलेच की नव्हे? कडधान्य ते, खोबरे हात राखून घातले तर पथ्याचे उत्तम अन्न. पावसाळ्यातली शेवळे आपलीच. मासळीही तळण्याऐवजी कालवणात घालता येते. मीठ दिवसास माणशी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, यापलीकडे जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड व सुकी मासळी यांचा हिशेब त्यातच धरावयाचा. आमच्या घरी रुग्णासाठी निराळे पातेले चढत नाही. सर्वांचे जेवणच बदलले, म्हणून ते नऊ वर्षे टिकले. एकट्याचे पथ्य महिनाभर चालते. घराचे पथ्य जन्मभर चालते.

पण घराने सांभाळलेले पंगतीत मोडते. "अहो भाऊसाहेब, एका कानवल्याने काय होणार आहे?" असे म्हणत यजमान पानात दोन वाढतात, आणि नको म्हणणारा शिष्ट ठरतो. आपला आग्रह हा आपला लौकिक आहे हे खरे. परंतु ज्याच्या हृदयात जाळी आहे त्यास आग्रह करणे हे आतिथ्य नाही.

याहून नाजूक गोष्ट बोलल्यावाचून आम्हांस राहवत नाही. मुलीचे लग्न ठरावयाचे आहे म्हणून वडिलांचा आजार लपविणारी घरे आपल्यांत आहेत. आजार लपवावयाचा म्हणजे चारचौघांत गोळी घ्यावयाची नाही, वाढतील ते खावयाचे, दम लागला तरी जिना चढावयाचा. ज्या मुलीच्या सुखासाठी हे करावयाचे, तिचाच आधार त्यात धोक्यात येतो! शिवाय वडिलांस वा भावास ५५ च्या आत, किंवा आईस वा बहिणीस ६५ च्या आत हा विकार झाला असेल, तर त्या घरातील तरुणांनी रक्तदाब, साखर व चरबी यांची तपासणी वेळीच करून घ्यावयाची असते. लपविलेला आजार पुढच्या पिढीस सावध करीत नाही. हा कुळास लागलेला कलंक नव्हे. वधूवरांच्या माहितीत तो निर्भयपणे सांगता यावा, असे वातावरण निर्माण करणे मंडळाच्या हाती आहे.

भगिनींविषयी दोन शब्द. घरधन्याचे पथ्य सांभाळणारी गृहिणी स्वतःची धाप आणि थकवा मात्र "दगदग झाली" म्हणून सोडून देते. स्त्रियांत पुष्कळदा छातीतील कळेपेक्षा धाप, मळमळ व विलक्षण थकवा हीच लक्षणे पुढे येतात. पतीच्या तपासणीस जाल तेव्हा पत्नीचाही रक्तदाब पाहून घ्यावा.

शेवटी मंडळास आमची नम्र सूचना अशी. ठाणे, डोंबिवली व कल्याण येथे सकाळी एकत्र चालणाऱ्या सभासदांचे गट व्हावेत. झटका येऊन हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून प्राण राखण्याचे शिक्षण तरुणांस तज्ज्ञांकडून द्यावे. संमेलनाच्या पंगतीत साधे अन्नही सन्मानाने वाढले जावे आणि आग्रहास रजा मिळावी. आणि रुग्णास भेटावयास जाणाऱ्यांनी पाच मिनिटांत उठावे. अमक्याचा दुसरा झटका कसा आला याची कथा तेथे सांगू नये.

पूर्वी घरावर संकट आले की ज्ञाती धावून येई. हे संकट मात्र एका रात्रीचे नसून रोजच्या पानातले आणि रोजच्या पावलातले आहे. तेथेही ज्ञातीने सोबत करावी, एवढीच विनंती.