सल्ला आधी तोलून पाहा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय वजनाचा आहे. पण वजन कसे कमी करावे, हे मी सांगणार नाही. ते सांगणारे भरपूर आहेत. मोबाइल उघडला, की कुणी ना कुणी सांगतच असते - भात सोडा, तूप खा, तूप सोडा, दिवसातून दोनदाच जेवा, दर दोन तासांनी खा. या गर्दीतला कोणता सल्ला आपल्या कामाचा, हे कसे ओळखायचे, एवढेच आज बोलू या. मी डॉक्टर नाही. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. तरीही चुकलो, म्हणून बोलतो आहे.

काही वर्षांपूर्वी एक व्हिडिओ मला फार पटला. रोज सोळा तास पोट रिकामे ठेवा, असे त्यात होते. मी तो मोठ्या प्रेमाने माझ्या ताईला पाठवला. ताईला मधुमेह. तिने सकाळचा नाश्ता बंद केला. गोळी मात्र नेमाने चालू ठेवली. चौथ्या दिवशी साडेदहाच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. शेजारच्या काकूंनी ओळखले आणि साखरपाणी पाजले, म्हणून निभावले. उपाशीपोटी गोळी घेतल्याने रक्तातली साखर एकदम उतरली, असे डॉक्टरांनी सांगितले. नंतर मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. ‘मधुमेहाची औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा,’ हे वाक्य त्यात शेवटी होते. मी तो शेवटपर्यंत पाहिलाच नव्हता!

तेव्हा पहिला प्रश्न हा - सल्ला कुणासाठी आहे? मधुमेहाची औषधे घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया, वाढीच्या वयातली मुले यांना सरसकट सल्ला चालत नाही. परदेशी तक्तेही आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो आकडा असतो, बीएमआय, तो दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांनी वजनकाट्याबरोबर कंबरेचा घेरही मोजावा. पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर सावध व्हायला हवे.

दुसरा प्रश्न साध्या गणिताचा. ‘सात दिवसांत पाच किलो कमी,’ अशी जाहिरात आपण सगळ्यांनी पाहिली आहे. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. पाच किलोंच्या झाल्या ३८,५००. म्हणजे रोजच्या ५,५००. सामान्य माणसाचा दिवसभराचा खर्चच दोन हजारांच्या आसपास असतो. अन्नाला शिवला नाही, तरी हा हिशेब जुळत नाही. मग काटा खाली का येतो? शरीरात साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या एका ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. खाणे तोडले, की आधी हा साठा आणि त्याचे पाणी जाते. नीट जेवू लागलात, की ते परत येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानावी आणि आहार दिवसाला हजार कॅलरींच्या खाली नेऊ नये.

तिसरा प्रश्न - जे दिसत नाहीत, त्यांचे काय झाले? ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो खरे असतीलही. पण अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाची २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. ६०९ माणसे, वर्षभराचा काळ. अर्ध्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, अर्ध्यांनी पिष्टमय. सरासरी घट पहिल्या गटात ५.३ किलो, दुसऱ्यात ६ किलो. म्हणजे जवळपास सारखीच. पण दोन्ही गटांत कुणाचे वजन वीस किलोंहून अधिक उतरले, तर कुणाचे चक्क वाढले. ज्यांचे वाढले, ते फोटो कशाला पाठवतील? आपल्याकडे दोनदा जेवावे की दर दोन तासांनी, यावरून घराघरांत तट पडले. त्या चाचणीत जेवणाच्या वेळांचा विषय नव्हता. पण धडा इथेही घेता येईल. पंथ कोणता, यापेक्षा तो मला वर्षभर झेपेल का, हे आधी पाहावे.

चौथी गोष्ट, ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ या समजुतीची. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली. रस कडू लागला, तर तो पिऊ नये, असे तिने बजावले. कडवटपणा म्हणजे गुण, हे दुधीच्या बाबतीत तरी खरे नाही.

आणि शेवटचे - सांगणाऱ्याचे शिक्षण काय, आणि तो काही विकतो आहे का? लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. आहारविषयक सल्ला देणाऱ्यांनी आपली पात्रता सांगावी, असा नियम जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेनेही २०२३ मध्ये केला. सल्ल्याच्या खाली भुकटीचा डबा आणि सवलतीची किंमत दिसली, तर ते दुकान आहे, एवढे ओळखावे.

याचा अर्थ सगळेच सल्ले टाकाऊ, असे नाही. साखर कमी करा, भाज्या-डाळी वाढवा, चाला, वेळेवर झोपा - हे फुकटचे सल्ले चांगलेच आहेत. त्यांत चमत्कार नाही, म्हणून ते कुणी पुढे पाठवत नाही, इतकेच.

ताईने पुढे डॉक्टरांना विचारून गोळीची आणि जेवणाची वेळ बसवून घेतली. आता रोज संध्याकाळी चालते. वर्षभरात चार किलो उतरले. मी तिला व्हिडिओ पाठवणे बंद केले आहे. सकाळी फोन करतो आणि विचारतो, ‘ताई, नाश्ता झाला का?’